दुखण्याची गोळी बदलली आणि अंग मोडून आलं: असं का होतं?

अधूनमधून पेपरात बातमी येते की अमुक ठिकाणी नशेच्या गोळ्यांचा साठा पकडला. खाली गोळ्यांची नावं असतात, बहुतेक वेळा ट्रामाडॉल नाहीतर टॅपेंटाडॉल. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांचं मिश्रण आपल्याकडून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जातंय हे उघड झालं, आणि केंद्राच्या औषध नियंत्रकांनी त्याच्या निर्मितीचे आणि निर्यातीचे परवाने मागे घ्यायला सांगितले. अशी बातमी आली की माझ्या औषधाच्या दुकानात कुणीतरी हमखास पिशवी घेऊन येतं. पिशवीत आजोबांच्या नाहीतर आईच्या गोळ्यांच्या पट्ट्या. "पेपरात आलंय त्यातलीच ही न्हवं का? बंद केली आम्ही."

दुसरा प्रकार याहून जास्त दिसतो. मुंबईला परळला नाहीतर पुण्याला उपचार झालेला पेशंट महालक्ष्मी एक्सप्रेसने परत येतो, गडहिंग्लज, राधानगरी, गगनबावड्याकडे आपल्या गावी जातो. चिठ्ठीवरची गोळी गावात मिळत नाही, मग जी मिळते ती चालू होते. दोन दिवसांनी मुलाचा फोन येतो. "गोळी बदलून दिलीय, पण काल रातीपासनं पप्पांचं काय खरं नाही. नाक वाहतंय, जांभया द्यायलेत, पोट बिघडलंय. सर्दी झाली म्हणायचं का?"

सर्दी नव्हे. पण हे समजायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

ही औषधं कुठली?

अफूच्या झाडातून निघणारी आणि त्याच धर्तीवर कारखान्यात बनवलेली जी वेदनाशामकं आहेत त्यांना ओपिऑइड म्हणतात. मॉर्फिन आणि कोडीन थेट अफूतली. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल, मेथाडोन ही प्रयोगशाळेत तयार केलेली. ब्युप्रेनॉर्फिन मधलं: मूळ अफूतलं, वर माणसाने केलेले बदल. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, आणि नीमच व गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. आपल्या पांढऱ्या रश्श्यात पडणारी खसखस याच झाडाचं बी. रश्श्याने नशा होत नाही, काळजी नको.

मेंदूत, मज्जारज्जूत आणि आतड्यांत या औषधांना चिकटायला ठरावीक जागा असतात. औषध तिथे बसलं की दुखण्याचा निरोप वर जाताना मंदावतो. त्याच वेळी श्वासाचा वेगही मंदावतो आणि आतडी सुस्तावतात. वेदना थांबवायला वेगळी जागा आणि श्वास मंदावायला वेगळी, असं नसल्यामुळे ही औषधं डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची असतात.

शरीर उलटं रेटतं

कोल्हापूरच्या खासबागेत कुस्ती बघितलेल्याला हे पटकन कळेल. दोन पैलवान खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटत असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दोघं नुसते उभे आहेत. प्रत्यक्षात दोघांचाही पूर्ण जोर लागलेला असतो. त्यातल्या एकाने अचानक अंग काढून घेतलं तर दुसरा आपल्याच जोराने तोंडावर आपटतो.

ओपिऑइड रोज घेतलं की शरीर असंच उलटं रेटायला लागतं. औषध मेंदूच्या मुळाशी असलेल्या काही पेशींना गप्प करतं. या पेशी नॉरॲड्रिनलिन नावाचं, शरीराला जागं आणि सावध ठेवणारं रसायन बनवतात. काही आठवड्यांत त्या पेशी औषधाच्या दाबाखालीही काम चालू ठेवायला शिकतात, म्हणजे जास्त जोर लावतात. औषध चालू आहे तोवर दोन्ही जोर बरोबरीत. औषध एकदम बंद झालं, किंवा नव्या औषधाचा जोर कमी पडला, की त्या पेशी मोकाट सुटतात. नाक-डोळ्यांतून पाणी, जांभया, घाम, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, हातपाय दुखणं, झोप उडणं, एका जागी बसवत नाही अशी तगमग. यालाच विड्रॉवल म्हणतात.

साध्या, लवकर उतरणाऱ्या गोळ्यांचा शेवटचा डोस घेतल्यापासून ८ ते २४ तासांत हा त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असतो आणि आठवड्याभरात बराचसा ओसरतो. मेथाडोनसारख्या रेंगाळणाऱ्या औषधाचा त्रास उशिरा सुरू होतो आणि जास्त दिवस चालतो. धडधाकट माणसाचा यात सहसा जीव जात नाही. पण सत्तरीतल्या, हृदयविकार असलेल्या, आधीच खाणंपिणं सुटलेल्या पेशंटला दोन दिवसांचे जुलाब आणि वाढलेलं बीपी भारी पडू शकतं.

मग हे व्यसनच की!

नाही, आणि या मुद्द्यावर मी काउंटरवर रोज वाद घालतो. शरीराला औषधाची सवय होणं आणि माणसाला त्याचं व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवय कुणालाही होते. रोज मॉर्फिन घेणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला, मग तो माळकरी वारकरी का असेना, काही आठवड्यांनी ती होणारच. त्याच्या स्वभावाचा यात काही संबंध नाही. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर प्रेशर उसळतं. म्हणून त्या गोळ्या घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही.

व्यसनात माणूस दुखण्यासाठी नव्हे तर औषधासाठी औषध शोधत राहतो. नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, डोस स्वतःच वाढवतो, चिठ्ठ्या बदलतो, लपवतो. असं काही लोकांच्या बाबतीत होतं हे खरं आहे, आणि आधी दारूचं किंवा दुसरं व्यसन असेल तर धोका जास्त. ते डॉक्टरांना आधीच सांगावं. पण जांभया देणाऱ्या आजोबांकडे बघून "गोळीची चटक लागली" म्हणणारे नातेवाईक मी बघितलेत, आणि त्या शब्दांनी आजोबांना दुखण्याहून जास्त लागलेलं असतं.

चांगली चाललेली गोळी बदलायची कशाला?

कारणं बरीच असतात. किडनी अधू झाली की मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे पदार्थ लघवीवाटे नीट बाहेर पडत नाहीत. ते साठतात, पेशंट गुंगीत जातो, झटके देतो, बरळतो. अशा वेळी फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिन बरं पडतं. कुणाला उलट्या, खाज सोसवत नाही. कुणाचा डोस वाढवत नेला तरी दुखणं हटत नाही. आपल्या भागात तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर घरोघरी ऐकू येतो, आणि त्यात गिळणंच बंद होतं.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण ती घरात घडते. नाकात नळी असलेल्या पेशंटला घरचे गोळी कुटून पाण्यातून देतात. साधी मॉर्फिनची गोळी डॉक्टरांना विचारून तशी देता येते. पण पट्टीवर नावापुढे 'एसआर' असेल तर ती गोळी बारा तास हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली की बारा तासांचा डोस एकदम पोटात जातो. आधी पेशंट गाढ झोपतो, श्वास मंद होतो. मग सहा-सात तासांत औषध संपतं आणि उरलेला वेळ तगमग. एकाच गोळीने दोन्ही टोकं दाखवली. नळी बसवली की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं, "ही गोळी कुटायची चालते का?"

शंभरची काढून शंभरची दिली, तरी?

मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावून इथे हिशेब होत नाही. प्रत्येक औषधाची ताकद वेगळी. डॉक्टर सगळ्या औषधांची तुलना तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनशी करतात. तोंडाने घेतलेलं ३० मिलिग्रॅम मॉर्फिन साधारण १० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनइतकं, कारण गोळीतला बराच भाग यकृतातच खर्ची पडतो. तासाला २५ मायक्रोग्रॅम सोडणारा फेंटानिलचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधी पट्टी, ही दिवसाला साधारण ६० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या गोळ्या.

आता ट्रामाडॉल घ्या. एक पेशंट ५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या घेतो, म्हणजे दिवसाला २००. याचं मॉर्फिन किती? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१६ च्या सूचनांत ट्रामाडॉलचा गुणक ०.१ धरला होता, २०२२ मध्ये तोच ०.२ केला. म्हणजे एका तक्त्याने उत्तर २० येतं, दुसऱ्याने ४०. दुप्पट फरक! आणि त्याच संस्थेने बजावलंय की हे आकडे एकूण धोक्याचा अंदाज घेण्यासाठी आहेत, एका औषधावरून दुसऱ्यावर नेताना डोस ठरवण्यासाठी नाहीत. मोबाईलवर तक्ता काढून घरी गणित करणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय.

त्यात आणखी एक मेख आहे. जुन्या औषधाला शरीर सरावलेलं असलं तरी नव्याला ते तितकं सरावलेलं नसतं. तालमीतल्या रोजच्या जोडीदाराचे डाव अंगवळणी पडलेले असतात. नवा पैलवान तेवढ्याच वजनाचा असला तरी पहिल्या दिवशी चीत करू शकतो. म्हणून डॉक्टर तक्त्यात आलेल्या आकड्यातून २५ ते ५० टक्के सहसा कमी करून सुरुवात करतात, मध्ये दुखलं तर घ्यायला छोटा जादा डोस लिहून देतात आणि दोन-चार दिवसांत पुन्हा बोलावतात. मेथाडोनच्या बाबतीत तर हा हिशेब अनुभवी डॉक्टरांनीच करावा, कारण ते शरीरात साठत जातं आणि जोर काही दिवसांनी कळतो.

घरचे म्हणतात, "नवीन गोळी लागू पडेना." पहिल्या दोन दिवसांत ती थोडी कमी पडणं अपेक्षितच असतं. जास्तीने श्वास थांबण्यापेक्षा कमीने थोडी तगमग होणं परवडलं, असा हा निर्णय असतो. मात्र हे पेशंटला कुणी आधी सांगितलेलं नसतं, आणि माझ्या मते गोंधळाचं निम्मं कारण तिथेच आहे.

ट्रामाडॉल सोडताना वेगळाच त्रास का?

ट्रामाडॉल एकाच वेळी दोन कामं करतं. एक ओपिऑइडचं. दुसरं, नैराश्यावरच्या काही गोळ्यांसारखं: मेंदूतलं सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनलिन वाढवणं. त्यामुळे ट्रामाडॉल बंद करून मॉर्फिन दिलं तर पहिलं काम मॉर्फिन सांभाळतं, दुसऱ्या कामाची जागा रिकामीच राहते. अशा पेशंटला जुलाब-घाम नसतात, पण प्रचंड घाबरायला होतं, हातापायांना मुंग्या येतात, डोकं भणभणतं, क्वचित भास होतात. डोस पुरेसा असतानाही हे घडतं आणि अनुभवी माणूसही चकतो. महिनोन्महिने ट्रामाडॉल घेतलं असेल तर नवं औषध सुरू झाल्यावरही जुनं टप्प्याटप्प्याने कमी करायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारावं.

जाता जाता: ट्रामाडॉल दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, कारण फिट येऊ शकते. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर त्याहून कमी डोसातही धोका असतो. आणि बाजारात ट्रामाडॉल ३७.५ अधिक पॅरासिटॅमॉल ३२५ अशी जोडगोळी खूप खपते. साध्या ट्रामाडॉलऐवजी ती चालू केली तर ट्रामाडॉल कमी होतं आणि पॅरासिटॅमॉल नकळत वाढतं. तापाची गोळी वर वेगळी घेत असाल तर बेरीज करा.

पॅच लावला, तरी दुखतंय?

फेंटानिलचा पॅच कातडीतून औषध सोडतो, आणि पूर्ण जोर यायला १२ ते २४ तास लागतात. गोळी सकाळी बंद आणि पॅच सकाळी चालू केला तर संध्याकाळी पेशंट कासावीस होणारच. म्हणून पहिले काही तास आधीचं औषध चालू ठेवायला सांगतात. किती तास, ते चिठ्ठीवर लिहून घ्या. काढताना उलटं. पॅच काढला तरी कातडीखाली साठलेलं औषध रक्तात येत राहतं, निम्मं व्हायलाच साधारण १७ ते २४ तास जातात. पॅच काढल्या काढल्या नवी गोळी पूर्ण डोसने दिली तर दोन्ही एकावर एक चढतात.

पॅचवर उष्णता नको. कढत पाण्याची आंघोळ, गरम पिशवीचा शेक, अंगात फणफणून ताप: यांनी औषध झपाट्याने सुटतं. ७२ तासांनी नवा पॅच लावताना जुना काढायचा राहतो, विशेषतः पाठीवर असला तर. काढलेला चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि लहान पोरांच्या हाती लागणार नाही असा टाका; वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं. ज्याने कधी ओपिऑइड घेतलेलं नाही त्याला "चुलत्यांचा उरलाय, कंबर दुखतीय तर लाव" म्हणून पॅच देणं म्हणजे जिवाशी खेळ.

एक इंजेक्शन घेतलं आणि सगळं उलटं झालं

गावाकडे दुखणं वाढलं की दवाखान्यात इंजेक्शन देतात, आणि त्यात पेंटाझोसिन बऱ्याचदा असतं. एरवी ते वेदनाशामकच. पण रोज मॉर्फिन घेणाऱ्याला ते दिलं तर दुखणं थांबण्याऐवजी काही मिनिटांत विड्रॉवल उसळतं. ब्युटोरफॅनॉलचंही तसंच. मॉर्फिन ज्या जागांवर बसलेलं असतं तिथून ही औषधं त्याला हुसकावतात आणि स्वतः तेवढा जोर लावत नाहीत.

ब्युप्रेनॉर्फिनची पकड तर याहून घट्ट. आखाड्यात शिरून आधीच्या पैलवानाला बाहेर काढतं, जागा धरून ठेवतं, पण स्वतः अर्ध्या ताकदीनेच रेटतं. समोरचा, म्हणजे आपलं शरीर, तोंडावर पडतं. म्हणून मोठ्या डोसवर असलेल्या पेशंटला ब्युप्रेनॉर्फिन द्यायचं तर आधीचं औषध उतरून सौम्य विड्रॉवल दिसू लागेपर्यंत थांबतात, साध्या गोळ्यांच्या बाबतीत १२ ते २४ तास; किंवा अगदी कणाकणाने सुरुवात करून वाढवत नेतात. थोड्या डोसवर असलेल्यांना हलका पॅच लावताना एवढी अडचण येत नाही.

त्यामुळे नवख्या दवाखान्यात गेलात की सुई टोचण्याआधी सांगायचं: "पेशंट मॉर्फिनवर आहे."

सर्दी, मूळ दुखणं, की डोस जास्त?

डोळ्यांत बघा. विड्रॉवलमध्ये बाहुल्या मोठ्या होतात, माणूस जागा आणि अस्वस्थ असतो, काटा येतो, पोट सुटतं. डोस जास्त झाला असेल तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, माणूस हाक मारूनही नीट जागा होत नाही, श्वास संथ आणि उथळ. श्वास मिनिटाला दहापेक्षा कमी वेळा चाललाय असं वाटलं, किंवा ओठ निळसर दिसले, घोरणं विचित्र झालं, तर वाट न बघता १०८ ला फोन. हॉस्पिटलात नॅलॉक्सोन नावाचं उतारा-इंजेक्शन असतं. दारू आणि अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर हा धोका कितीतरी वाढतो.

मूळ दुखणं ज्या जागी होतं तिथेच असतं. विड्रॉवलचं दुखणं सगळ्या अंगाला. पण दोन्ही एकत्र येऊ शकतात, म्हणून वेळ लिहून ठेवा: शेवटचा डोस किती वाजता, त्रास किती वाजता. डॉक्टरांना या दोन आकड्यांवरून जितकं कळतं तितकं वर्णनावरून कळत नाही. विड्रॉवल असेल तर डोस दुरुस्त करतात, कधी क्लोनिडीनसारखी, उसळलेल्या नॉरॲड्रिनलिनला आवरणारी गोळी देतात.

सोसून एकदाचं बंद केलं तर काय बिघडलं?

ऑपरेशननंतर चार-पाच दिवस घेतलेल्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे बंद करायला हरकत नसते. महिनोन्महिने घेतलेल्या मात्र नाही. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, इशारा दिला होता की एकदम औषध तोडल्याने गंभीर विड्रॉवल, बेसुमार वेदना आणि आत्महत्येपर्यंतचे प्रकार घडलेत. वर्षभर किंवा जास्त घेतलं असेल तर महिन्याला दहा टक्के इतक्या सावकाश कमी करण्याची शिफारस आहे. मर्दानी खाक्या इथे कामाचा नाही.

आणि कुणी चार-आठ दिवस सोसून बंद केलंच, मग दुखणं उसळलं म्हणून जुना डोस पुन्हा सुरू केला, तर तो आता जास्त ठरतो, कारण शरीराचा सराव गेलेला असतो. पुन्हा सुरू करण्याआधी विचारायचं.

मॉर्फिन सगळीकडे का मिळत नाही?

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्यामुळे. कागदपत्रं इतकी होती की हॉस्पिटलं मॉर्फिन ठेवायचीच टाळायची. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोनसारखी औषधं 'अत्यावश्यक' गटात आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलात ती बहुधा नसतात. ट्रामाडॉल २०१८ पासून याच कायद्याखाली आलं. त्याच्या पट्टीवर लाल अक्षरात 'एनआरएक्स' दिसेल, आणि चिठ्ठी मागितली म्हणून दुकानदारावर चिडू नका. रजिस्टरमध्ये डॉक्टरचं, पेशंटचं नाव आणि गोळ्यांची संख्या लिहावी लागते. "ओळखीचा आहे, दे की" याला इथे इलाज नाही.

म्हणून मुंबई-पुण्याहून निघताना तिथल्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून घ्या: ही गोळी कोल्हापुरात कोणत्या हॉस्पिटलात मिळेल, आणि नाहीच मिळाली तर तिच्या जागी काय, किती. उत्तर चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात हवं. गाडीत गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, सीटखालच्या बॅगेत नको. घरी गोळ्या मोजायचा वार शुक्रवार करा. रविवारी दुपारी शेवटची पट्टी संपलेली कळली, तर सोमवारी ओपीडी उघडेपर्यंत विड्रॉवल सुरू झालेलं असतं.